बावीसशे, तेहतीसशे

४ फेब्रुवारी

मामा,

पोचले. पत्राच्या माथ्यावर जे जे लिहायचं असतं ते तुम्ही मनातल्या मनात वाचून घ्या. दहा मिनिटांची सुट्टी आहे आणि त्यातली तीन पेन शोधण्यात गेली.

इथे लिफ्टच्या पॅनेलचे बोर्ड बनतात. एका लांब टेबलाशी आम्ही चौदाजणी बसतो. समोर रेझिस्टरचा ढीग असतो, आणि त्यांच्या अंगावरच्या पट्ट्यांचे रंग बघून एकेक ट्रेमध्ये लावायचा. मीटर लावून मोजायचा नाही, वेळ जातो म्हणतात. आमच्या मुख्य बाई कपाळावर भिंग बांधून पाठीमागून फिरतात. त्यांना सगळ्या भिंगबाई म्हणतात, अर्थात त्या लांब असताना. एप्रिलपर्यंत माझी नेमणूक कच्ची. मग परीक्षा: पाच मिनिटांत शंभर रेझिस्टर, दोनच चुका माफ. जमलं तर कायम, नाही तर सामान बांधून परत. आईने आधीच सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय, त्यामुळे परत येणं मला परवडणारं नाही.

तुम्ही दिलेला लाकडी डबा उशाशी आहे. चोवीस खण आणि प्रत्येकात तुमच्या अक्षरातली चिठ्ठी, कुठला आकडा आणि किती नग. मामी म्हणत होती, दोन आठवडे तुम्ही एकट्याने बसून तो लावलात, तिला हातही लावू दिला नाहीत. संध्याकाळी आले की मी खण उपडे करते, सगळं मिसळते आणि पुन्हा लावते. एक गंमत झाली. 'तेहतीसशे'च्या खणातले काही मला लालच दिसतात. खोलीतला दिवा पिवळट आहे, त्यामुळे असेल. तुम्ही लावलाय म्हणजे तो नारिंगीच. आता डोळ्यांना तशी सवय लावते.

आणखी एक. शेजारी बसणारी म्हणाली, रेझिस्टर शोभेला असतात. मला हसू आलं, पण समजावून सांगायला गेले तर धड एक वाक्य येईना. आठ वर्षं तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात लुडबुडले, पण फक्त सोल्डरची तार धरली, वाचायचं काम तुमचंच. म्हणून एकदा पहिल्यापासून सांगा. लगेच सांगा. इथे मला स्वस्थ बसवत नाही.

तुमची ठिणगी


११ फेब्रुवारी

ठिणगे,

पत्र मिळालं. अक्षर किती बारीक काढतेस, शाई उसनी आणलीस का? दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून मामीकडून वाचून घेतलं. मोठं काढत जा.

आता तुझा रेझिस्टर. लोक पाण्याच्या नळाचं उदाहरण देतात. मला ते आवडत नाही, नळ म्हटलं की माणसाला गळका नळ आठवतो आणि शिकायचं राहून जातं. तू असं बघ. वीज म्हणजे घाईतलं माणूस. वाट मिळाली की सुसाट सुटतं आणि वाटेत नाजूक काही असेल ते मोडून ठेवतं. रेझिस्टर म्हणजे घरातलं 'जरा दमानं' म्हणणारं माणूस. आपल्याकडे ती मामी. रेझिस्टर वीज साठवत नाही, वाढवत नाही, नुसता अडवतो, आणि अडवताना स्वतः तापतो. मामीही तापते. किती अडवतो ते ओहममध्ये मोजतात. दोन रेझिस्टर एकापुढे एक लावलेस तर अडवणूक वाढते, सरळ बेरीज करायची. शेजारी शेजारी लावलेस तर विजेला दोन वाटा मिळतात आणि अडवणूक कमी होते. अंगाने जाड असतो तो जास्त ताप सोसतो. बारक्यावर भार टाकलास तर तो काळा पडून जळतो. तो वास तुला नव्याने सांगायला नको, तुझं नावच त्यावरून पडलंय.

रंग. लहानपणी तुला घोकवलं होतं ते अजून घोक: का-त-ला-ना-पि-हि-नि-जां-क-पां. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, आणि असं करत पांढरा नऊ. सोनेरी पट्टा उजव्या हाताला धरायचा, तो म्हणजे पाच टक्के इकडे तिकडे. डावीकडचे पहिले दोन पट्टे आकडे, तिसरा म्हणजे पुढे किती शून्यं. नारिंगी, नारिंगी, लाल: तेहतीसशे. लाल, लाल, लाल: बावीसशे. त्यात चुकायला माणूस आंधळाच हवा.

मीटर वापरू देत नाहीत हे चांगलंच आहे. मीटर शिकाऊ लोकांना लागतो. गेल्या महिन्यात समोरच्या प्रसूतिगृहातली काचपेटी बिघडली, ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी. आत एक रेझिस्टर जळाला होता. मी उभ्या उभ्या बदलला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मीटरने बघायचं का? मी म्हटलं, बाई, तुम्ही नाडी बघताना मीटर लावता का? हसल्या. आता तिथली सिस्टर किरकिर करते की पेटी जास्त तापते. तिला म्हटलं, थर्मामीटर बदला, जुना झालाय. तिला किरकिर करायची सवयच आहे.

घोकत राहा.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

अक्षर मोठं काढतेय, पण घाईत वाकडं येईल.

काल माझ्या ट्रेमधले तेहतीसशे म्हणून गेलेले रेझिस्टर पुढच्या टेबलावर बोर्डात बसले. तीनशे बोर्ड झाल्यावर कुणीतरी सहज एक मोजला. बावीसशे निघाला. दुसरा मोजला, तोही बावीसशे. सगळं काम थांबलं. भिंगबाईंनी मला उभं केलं आणि शांतपणे विचारलं, "हा रेझिस्टर कुठे असतो ठाऊक आहे? लिफ्टचं दार किती वेळ उघडं राहायचं, ते हा ठरवतो. नऊ सेकंदांच्या जागी सहा. एखादी म्हातारी काठी टेकत आत येत असेल तर?" त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाकीच्या तेराजणी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, बाई, मला ते नारिंगी दिसले. त्या म्हणाल्या, मग डोळे तपासून घे. पुन्हा असं झालं तर परीक्षेपर्यंत थांबायची गरज नाही.

मामा, मी घरी येऊन तुमचा डबा तीनदा लावला. तीनही वेळा तुमच्या चिठ्ठ्यांप्रमाणे बिनचूक आला, नगसुद्धा जुळले. म्हणजे डब्यातले रंग मला बरोबर कळतात आणि कारखान्यातले कळत नाहीत, असं कसं होईल? जेवण जात नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही. रस्त्यावरच्या पाट्यांचे रंग मी शेजारणीला विचारते, ती मला वेडी समजायला लागलीय. माझे डोळेच अधू असतील तर हे काम माझ्या हातून गेलंच, आणि मला दुसरं काहीही करायचं नाही. आईला काही सांगू नका. मी काय करू ते लिहा.

ठिणगी


२६ फेब्रुवारी

ठिणगे,

काही करू नकोस. डोळ्याच्या डॉक्टरकडे तर मुळीच जाऊ नकोस. त्यांच्याकडे गेलं की ते काहीतरी शोधून काढतातच, त्यांचा धंदा आहे. आपल्या घराण्यात कुणाचे डोळे गेलेले नाहीत. तुझा आजोबा ऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवायचा.

डबा प्रमाण मान. तो मी लावलाय. चाळीस वर्षं हे पट्टे वाचतोय, तुमच्या भिंगबाईंच्या जन्माच्या आधीपासून. भिंग लावून फिरावं लागतं तिलाच काहीतरी कमी असेल. आजकाल पट्ट्यांना रंगही धड लावत नाहीत, सगळे मळकट. कारखान्यांनी रंगात काटकसर चालवलीय. पूर्वीचा नारिंगी कसा ठसठशीत असायचा.

मामीने दुकानातला दिवा काढून मोठा लावलाय. उगाच. डोळ्यांवर येतो, सगळ्याभोवती उजेडाचा पिसारा दिसतो. मी सांगितलं काढ, तर ऐकत नाही. कालपासून आमचं बोलणं बंद आहे.

सिस्टरने पुन्हा निरोप पाठवला होता. मला दुसरी कामं नाहीत का?

दुकानात खोळंबा आहे. जास्त लिहीत नाही. घोकत राहा, आणि हे मनातून काढून टाक.

मामा


५ मार्च

मामा,

तुमचं ऐकलं नाही. मी डॉक्टरकडे गेले.

त्यांनी एक पुस्तक दाखवलं. रंगीत ठिपक्यांची पानं होती, प्रत्येकात आकडा लपवलेला. मी सगळी पानं वाचली. डॉक्टर म्हणाले, एकही चूक नाही, तुम्ही इथे का आलात? मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मला आनंदच होईना. माझे डोळे चांगले आहेत, डबा तुमचा आहे, मग चूक कुठे राहते ते मला त्या पायरीवर कळलं होतं, पण मी ते मनात पूर्ण होऊ देत नव्हते.

भिंगबाईंकडे मीटर मागितला. वाटलं हाकलतील. त्यांनी कपाटातून काढून दिला, म्हणाल्या, परवा परत आण. आज सुट्टी होती, सकाळपासून बसून डब्यातला एकेक रेझिस्टर मोजला. चोवीस खणांपैकी सात चुकीचे आहेत, मामा. तेहतीसशेच्या खणात अर्धे बावीसशे. निळ्याच्या जागी करडा. जांभळ्याच्या जागी तपकिरी. मी तुमच्या चुका पाठ केल्या होत्या, इतक्या बिनचूक, की कारखान्यात जाऊन त्या पुन्हा केल्या. पहिल्या दिवशी मला लाल दिसला होता आणि तो लालच होता.

कधीपासून दिसत नाही? माझं पत्र मामीने वाचलं ते गिऱ्हाईक होतं म्हणून नव्हे ना? मागच्या पत्रातल्या तुमच्या ओळी कागदावरून खाली घसरत गेल्या आहेत. मोठ्या दिव्याभोवती पिसारा दिसतो म्हणालात. मी वाचलं आणि पुढे गेले, मूर्खासारखी.

मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण

थांबा. काचपेटी.

(दुपारी पुन्हा लिहितेय.) तुमचं पत्र काढून वाचलं. "उभ्या उभ्या बदलला." "पेटी जास्त तापते." तुमच्या दुकानात फोन नाही आणि पत्राला चार दिवस लागतात. अडीनडीला निरोप ठेवायला तुम्ही प्रसूतिगृहाचा नंबर दिला होता. पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. पाऊण तास त्या बाकावर मी कसा काढला ते मला विचारू नका. सिस्टरने उचलला. मी म्हटलं, पेटीत आत्ता बाळ आहे का? म्हणाली, परवापासून आहे. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बाहेर काढा आणि पेटी बंद करा. तिने विचारलं, कोण बोलतंय? मी सांगितलं, मामांची भाची, आणि त्यांना रंग दिसत नाहीत.

हे मी तुमच्या पाठीमागे केलं. तुमच्या चाळीस वर्षांच्या नावाचं काय होईल ते मला ठाऊक होतं आणि तरी केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. आता काय रागवायचं ते रागवा, पण बाळ कसं आहे ते कळवा.

ठिणगी


१९ मार्च

मामा,

दोन आठवडे झाले. चार ओळी तरी लिहा. शिव्या असल्या तरी चालतील.

मी पुन्हा फोन लावला होता. सिस्टर घाईत होती, तुमच्याबद्दल "काका येऊन गेले" एवढंच बोलली आणि ठेवला. येऊन गेले म्हणजे काय? पेटी उघडली? बाळाला काही झालंय का? रोज दारावरच्या पत्रांच्या खणाशी जाऊन मी हात घालून बघते, रिकामा दिसत असला तरी. टेबलाशी बसून पट्टे वाचते आणि दर पाचव्या रेझिस्टरला वाटतं, हा खरंच लाल आहे ना. डोळ्यांवरचा विश्वास परत आणायला पुस्तकातले ठिपके पुरले नाहीत. तुमचा डबा मी बंद करून कपाटावर ठेवलाय.

२ एप्रिलला परीक्षा आहे. त्याच्या आधी मला कळायला हवं.

ठिणगी


२४ मार्च

ठिणगे,

बाळ चांगलं आहे. हे पहिल्या ओळीत लिहायला मला दोन आठवडे लागले. सहा पत्रं सुरू केली आणि फाडली, कारण सहाही पत्रांत पहिल्या ओळीत मी होतो.

तुझा फोन आला त्या दिवशी सिस्टर स्वतः दुकानात आली. भरल्या दुकानात म्हणाली, काका, तुमच्या भाचीने पेटी बंद करायला सांगितलीय, येऊन बघा. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. तुला कार्टी म्हटलं. आठ वर्षं मांडीवर बसवून शिकवलं त्याचे हे पांग फेडले म्हटलं. तरातरा रस्ता ओलांडून गेलो, डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं, सगळ्यांच्या देखत पेटीचं पाठचं झाकण उघडलं. मला तुला खोटं पाडायचं होतं. मोठ्याने वाचलं: नारिंगी, नारिंगी, लाल, सोनेरी. तेहतीसशे. बघा.

सिस्टरने मान वाकवून बघितलं. म्हणाली, "काका, हे तिन्ही एकाच रंगाचे आहेत."

मी म्हटलं, "सिस्टर, तुमचं काम सुया टोचायचं."

ती म्हणाली, "हो. पण लाल रंग मी रोज बघते."

डॉक्टरीणबाई नुसत्या म्हणाल्या, मीटर आणा. आणला. तर त्याची बॅटरी केव्हाच संपलेली, इतका तो पडून होता. नवी आणून घातली. रेझिस्टरचा एक पाय बोर्डातून सोडवला, मीटरची टोकं लावली. काटा बावीसशेवर गेला आणि तिथेच राहिला. मी दोनदा टोकं बदलून लावली. काटा बिचारा तिथेच.

पेटीत काय होतं ते तुला कळायला हवं, कारण तुझं ते कामच आहे. आत एक बारीक मणी असतो, तोही एक रेझिस्टरच, फक्त गरम होत गेला की त्याची अडवणूक कमी कमी होते. समोर डायल, म्हणजे फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर, आणि त्याच्यासोबत हा आपला. मण्याची अडवणूक उतरत उतरत या दोघांच्या बेरजेइतकी झाली की हीटर बंद. मी तेहतीसशेच्या जागी बावीसशे बसवला, म्हणजे बेरीज घटली. मण्याला आणखी उतरावं लागलं, म्हणजे पेटीला आणखी तापावं लागलं. डायलवर सदतीस, आत बेचाळीस.

बाळ वाचलं ते माझ्यामुळे नाही आणि खरं सांगायचं तर तुझ्या फोनमुळेही नाही. सिस्टरने माझ्या म्हणण्यावरून थर्मामीटर खरंच बदलला होता, नवाही बेचाळीसच दाखवत होता. तिने मला निरोप पाठवला, मी गेलो नाही. म्हणून बाळ आत ठेवल्यापासून तिने पेटीचं झाकण अर्धं उघडं ठेवलं होतं आणि ती दर पंधरा मिनिटांनी बाळाच्या पाठीला हात लावून बघत होती. तिची पाळी संपली की दुसरीला बसवून जात होती. जिला मी किरकिरी म्हटलं ती.

आता जे लिहायचं ते लिहितो. मामी बाहेर गेलीय, म्हणून लवकर लिहितो. मागच्या उन्हाळ्यापासून मला नीट दिसत नाही. आधी निळा गेला, मग जांभळा. पांढरा कागद चहा सांडल्यासारखा दिसतो. मी अंदाजाने काम करत होतो. ऐकून घे, सगळ्यात वाईट पुढे आहे. तो रेझिस्टर बसवतानाच मला शंका आली होती. दुकान रस्त्यापलीकडे, मीटर ड्रॉवरमध्ये, दोन मिनिटांचं काम. पण डॉक्टरीणबाई समोर उभ्या होत्या आणि मी नुकताच तो नाडीचा विनोद केला होता. त्या हसल्या होत्या. तेवढ्यासाठी मी गेलो नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू दिसतोय, काढून घ्या, बाळाला काही झालेलं नाही, आता याची वाच्यता नको. बाळाच्या आईलाही काही सांगायची गरज नाही म्हणाल्या. मी बरं म्हटलं.

तुझी परीक्षा चांगली होऊ दे. डबा फेकून दे.

मामा


३ एप्रिल

मामा,

बाळ चांगलं आहे हे वाचून मी पत्र हातात घेऊन खोलीभर फिरले. मग पुढचं वाचलं आणि बसले.

काल परीक्षा झाली. एक चूक. हिरव्याला निळा म्हटलं, घाईत. भिंगबाईंनी भिंग वर सरकवून सांगितलं की सोमवारपासून मी कायम. मी हसले नाही म्हणून त्यांनी विचारलं काय झालं. मी त्यांना सगळं सांगितलं, तुमच्या परवानगीशिवाय. त्या म्हणाल्या, "आपण ते तीनशे बोर्ड उघडले होते. तुझ्या मामांनी त्यांची यंत्रं किती उघडली?"

मामा, मलाही तेच विचारायचंय आणि पेन जड झालंय. मागच्या उन्हाळ्यापासून म्हणजे दहा महिने. दहा महिन्यांत तुमच्या हातून काय काय गेलं? रेडिओचा आवाज बारीक आला तर कुणी मरत नाही. पण शिवणयंत्रांच्या मोटरी? बॅटरीचे चार्जर? त्या पलीकडच्या गल्लीतल्या आजोबांचं श्वासाचं यंत्र तुम्हीच बघता ना? सगळीकडे सिस्टर नाही.

आणि त्या बाळाच्या आईला सांगायची गरज नाही हे डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, ते त्यांच्या सोयीचं होतं. तुम्ही बरं म्हणालात, ते तुमच्या सोयीचं होतं. माझे मामा असं सोयीचं वागत नसत. तुम्ही मला चुकीचे रंग शिकवलेत ते मी विसरेन. हे मला विसरता येणार नाही.

उद्धटपणा झाला. तरी पत्र फाडत नाही. मी पोस्टात टाकायला निघालेय.

तुमची ठिणगी


१७ एप्रिल

ठिणगे,

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं. बाळाच्या आईचा परिच्छेद आला तिथे ती थांबली. मी म्हटलं वाच, तर म्हणाली, मला वाचवत नाही, तुम्हीच वाचा. मग भिंग घेऊन मी वाचलं. तिसऱ्या दिवशी दुकानाची वही काढून मामीला म्हटलं, यादी करायची आहे.

सत्तेचाळीस यंत्रं निघाली. पहिल्यांदा श्वासाच्या यंत्राकडे गेलो. ते बरोबर होतं. आता रोज सकाळी आम्ही दोघं निघतो. मामीच्या पिशवीत मीटर आणि यादी, माझ्या पिशवीत बाकीचं. दारात उभं राहून मी सांगतो, मला दहा महिने रंग दिसत नव्हते, तुमचं यंत्र पुन्हा उघडू द्या. काही जण हसून म्हणतात, चांगलं चाललंय की, कशाला. काही जण आत घेत नाहीत. एकाने दुसरा मेकॅनिक बघितलाय. मामी पट्टे वाचते, मी मोजतो, आणि दोघांचं जुळलं तरच झाकण लावतो. अठ्ठावीस झाली. पाच चुकीची निघाली. त्यातल्या एका चार्जरचं प्लास्टिक वितळून भिंतीला चिकटलं होतं, त्या घरात लोकांना वाटत होतं जुना झाला म्हणून.

बाळाच्या आईकडे परवा गेलो. मामीला बाहेर थांबायला सांगितलं. ती बाई कपडे शिवते. एका हाताने बाळ धरून दुसऱ्या हाताने टेबलावरचे तुकडे आवरत होती. मी उभं राहूनच सगळं सांगितलं. पेटी, रेझिस्टर, माझे डोळे. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं, तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

तिने विचारलं, "किती तापली होती?"

मी म्हटलं, "पाच अंश जास्त."

"तुम्हाला कळलं होतं?"

"शंका आली होती."

ती म्हणाली, "शंका आली, आणि तुम्ही घरी जाऊन जेवलात?"

खूप उत्तरं होती, ठिणगे. डोळ्यांची, वयाची, चाळीस वर्षांची. मी आठवून बघितलं. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो होतो, आणि मामीला नाडीचा विनोद सांगून हसवलं होतं. मी म्हटलं, हो, जेवलो. तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, आता जा. मी निघालो. तिने दार आपटलं नाही, हळूच लावलं, बाळ झोपलं होतं म्हणून.

ऑपरेशनची तारीख मिळालीय. डॉक्टर म्हणतात, सगळे रंग परत येतील, अगदी जांभळासुद्धा. मामीने लवकरची तारीख घ्यायचा हट्ट धरला होता, मी तीन आठवडे पुढची घेतली. यादीत एकोणीस घरं उरलीत आणि ती मला याच डोळ्यांनी संपवायची आहेत. एकदा स्वच्छ दिसायला लागलं की लोक म्हणतील, झालं ते झालं. आणि माझी मला खात्री आहे, मीही म्हणेन.

मामा